कंपनीचा विमा नोकरीपुरताच

"कंपनीचा विमा असेल तर पंचविशीत वेगळी पॉलिसी घ्यायची घाई नको," असं आरोग्य विम्यावरच्या एका लेखात म्हटलंय. मला हे अजिबात पटलं नाही. माझा मुलगा महापेच्या एका कंपनीत होता. जुलैत राजीनामा दिला, नवी नोकरी १ सप्टेंबरपासून. मधल्या महिन्यात डेंग्यू झाला. रात्री अकराला ऐरोलीहून रिक्षानं वाशीच्या हॉस्पिटलमध्ये नेलं, काउंटरवर विम्याचं कार्ड दिलं, तर पॉलिसी बंद! शेवटच्या दिवशीच नाव काढलं होतं. प्लेटलेट्स उतरत असताना मी एफडी मोडायला बँकेत उभी होते.

स्वतःची पॉलिसी तब्येत ठणठणीत असतानाच घ्यावी, कारण प्रतीक्षा कालावधीचं, म्हणजे विमा खर्च देत नाही त्या सुरुवातीच्या मुदतीचं, घड्याळ त्या दिवसापासून चालू होतं. पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. आधीपासूनच्या आजारांसाठी २०२४ पासून ही मुदत जास्तीत जास्त ३६ महिने आहे. तिशीत बीपी निघाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आत्ता घेतलेलं बरं. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीही गेलाय.

आणि मुलांनो, रूम रेंटची मर्यादा, म्हणजे हॉस्पिटलच्या खोलीचं रोजचं भाडं विमा किती देतो, ते नीट वाचा. मर्यादा ३ हजारांची आणि खोली ६ हजारांची घेतली, तर बऱ्याच पॉलिसींत डॉक्टरांची फी, ऑपरेशनचा खर्चही निम्म्यानं कापतात. पॉलिसीचा कागद हातात आल्यावर पटलं नाही तर ३० दिवसांत परत करता येतो. फॉर्ममध्ये सिगारेट, दमा, जुनं ऑपरेशन, काहीही लपवू नका. एजंट "लिहू नका" म्हणाला तरी लिहा.