स्क्रीनशॉटवर माल देऊ नका
ओटीपी कुणाला सांगू नका, हे तुमच्या ऑनलाइन फसवणुकीवरच्या लेखात आलंय ते बरोबरच. पण आम्हा दुकानदारांचा घात वेगळ्याच वाटेनं होतो. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत माझं किराणा दुकान आहे. दिवाळीच्या ऐन गर्दीत एकानं पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट दाखवला, पोरानं तेलाचे दोन डबे उचलून दिले. रात्री हिशेबाला बसलो तर खात्यात रुपया जमा नाही. आता खात्यात रक्कम दिसल्याशिवाय माल हलत नाही. सकाळी शटर उघडलं की क्यूआर कोडवर कुणी दुसरा स्टिकर चिकटवलाय का, तेही बघतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे आईलाही पुन्हा पुन्हा सांगतो. आणि फसलात तर लाजून गप्प बसू नका, तिथल्या तिथं १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं, तर ती गोठवता येते.