‘उंची वजा शंभर’ आणि आमच्या बाबांची तपासणी

परवा बाबांनी साखर तपासायला जाणं रद्द केलं. कारण काय, तर फॅमिली ग्रुपवर काकांनी ढकललेला मेसेज: ‘सेंटिमीटरमधल्या उंचीतून शंभर वजा करा. वजन तेवढंच असेल तर अंगात चरबी नाही, मधुमेह जन्मात होणार नाही.’ बाबांची उंची १६५, वजन ६५. स्वारी खूश!

ढोबळ अंदाजाला सूत्र चालतं, एवढं मान्य. पण १६५ ला ६५ म्हणजे बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २३.९, आणि आशियाई लोकांनी २३ पासूनच सावध व्हावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मुळात काट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळतच नाही. हे समजून घ्यायला लांब कशाला जायचं? पुण्यात रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक वर्षानुवर्षं हेच मोजत आलेत. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. क्ष-किरणांनी अंगातली चरबी मोजणाऱ्या डेक्सा यंत्राखाली मात्र युडकिनांच्या अंगात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२! आपल्यातला सडपातळ माणूस आतून असा असू शकतो, आणि मधुमेह त्यालाही होतो.

मेसेजमधलं सगळ्यात संतापजनक वाक्य पुढेच आहे: ‘गरोदरपणी कमी खा, बाळ छोटं जन्मलं की चरबीच नसते.’ ग्रुपवर सहावा महिना लागलेली माझी चुलत बहीण आहे हो! पुण्याजवळच्या गावांतली नवजात बाळं याच मंडळींनी मोजली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपल्या बाळांचे दंड बारीक, पोट लहान. पण पाठीवर खांद्याच्या हाडाखाली चिमट्यात धरून मोजलेली चरबी त्या मानाने टिकून होती. उपाशी राहून कमी झालं ते स्नायूंचं मांस.

‘पायाखालचा डिजिटल काटा अचूक चरबी दाखवतो’ म्हणे. तो तळपायांतून बारीकसा करंट सोडतो, अडथळा मोजतो आणि उरलेलं वय-उंचीच्या गणितातून काढतो. बाबांच्या काट्यात मी माझं वय वीस वर्षांनी वाढवलं, तर उभ्या उभ्या चरबी वाढली.

लिंबूपाण्याने पोट वितळतं, यावर मी बोलत नाही.

बाबांना गुरुवारी उपाशीपोटी घेऊन जातोय. काकांनाही बोलावलंय, त्यांचं ‘उंची वजा शंभर’ अगदी तंतोतंत जुळतं.