नाक दाबून वजन वाढत नसतं

रविवारी खानापूरला भावाकडे गेले होते. वहिनीने दीड वर्षाच्या पोराला मांडीवर आडवं घेतलं, दोन बोटांनी नाक दाबलं आणि श्वासासाठी तोंड उघडताच दूधभाताचा घास आत कोंबला. मी ओरडलेच. तर म्हणते, "वन्सं, व्हॉट्सॲपवर आलंय!"

आलं होतं खरं. बचत गटाच्या ग्रुपवर, 'बाळाचं वजन वाढवायचे पाच रामबाण उपाय'.

पहिला उपाय हाच: 'नाक दाबलं की तोंड उघडतं.' अहो, ती म्हण अडेलतट्टू माणसांसाठी आहे, लेकराच्या नाकासाठी नव्हे! नाक बंद झालं की मूल तोंडाने श्वास ओढतं आणि त्याच श्वासाबरोबर भात श्वासनलिकेत जातो. त्यात ते आडवं, वर रडतंय. साधा ठसका लागला तर नशीब. घास अडकला तर खानापुरातून बेळगाव गाठेपर्यंत काय करणार?

दुसरा: वाटी संपेपर्यंत उठवू नका. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी असाच आग्रह करून पाहिला. अभ्यास 2006 साली छापून आला. 'सूप संपव' म्हणून मागे लागल्यावर मुलांनी कमी खाल्लं आणि कुरकुर जास्त केली. मोकळं सोडल्यावर जास्त खाल्लं. ती मुलं तीन ते पाच वर्षांची होती, मान्य. पण दीड वर्षाचं पोर काय जास्त समजूतदार असतं? आणि जे मुकाट गिळतं, त्याला पोट भरल्याचं कळेनासं होतं, ते निराळंच.

तिसरा: महिन्याला अर्धा किलो वाढलंच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात वर्षाच्या मुलग्याचं मधलं वजन 9.6 किलो, दोन वर्षांच्याचं 12.2. म्हणजे अख्ख्या वर्षात अडीच किलोच्या आसपास. मेसेजच्या हिशोबाने ते साडेपंधरावर जाईल, आणि तेवढं वजन साडेतीन वर्षांच्या पोराचं असतं. वर्षानंतर वाढ मंदावते, म्हणून भूकही उतरते. वहिनीकडचं तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकातलं आई-बाळाच्या आरोग्याच्या नोंदींचं सरकारी कार्ड, काढायला लावलं. छपाई कन्नडमध्ये, पण अंगणवाडीत घातलेले वजनाचे ठिपके रेघेला धरून चढत होते. मग नाक कशाला दाबायचं?

चौथा: मोबाईल दाखवून भरवा, संपवल्यावर कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई) द्या. यावर बोलण्यातही अर्थ नाही.

पाचवा तेवढा बरोबर, नाइलाजाने सांगते: तापातून उठलेल्या मुलाला थोडं थोडं, जास्त वेळा द्यावं. द्यावं म्हणजे समोर ठेवावं, लाडीगोडी लावावी. त्याने तोंड फिरवलं की वाटी खाली.