'७७७ टाका आणि मोकळे व्हा'? नका टाकू

"अ‍ॅन्सिबलमध्ये परमिशन डिनाइड आलं? मोड ७७७ टाका, रिकर्स चालू करा, सगळीकडे बिकम ठेवा. प्लेबुक हिरवं आलं की परमिशन बरोबर." हा मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. (अ‍ॅन्सिबल म्हणजे दूरच्या सर्व्हरवरची कामं आपोआप करून घेणारं साधन, प्लेबुक म्हणजे त्या कामांची यादी. मोड म्हणजे फाइल कुणी वाचायची, लिहायची, चालवायची ते सांगणारा आकडा, रिकर्स म्हणजे फोल्डरातल्या सगळ्यांना तेच लावणं, बिकम म्हणजे दुसऱ्याच्या, बहुधा सर्वाधिकारी 'रूट'च्या नावानं काम चालवणं.) काल धाकट्या भावानंही पाठवला, वर "दादा, करू ना असं?" नको करूस.

आधी ते ७७७. प्लेबुकात अवतरणचिन्हं न लावता, पुढे शून्यही न देता ७७७ लिहिलं तर अ‍ॅन्सिबल तो आकडा दशमान धरतं. मोड मात्र अष्टमानात, म्हणजे ० ते ७ एवढ्याच अंकांत असतो: शेवटचे तीन अंक मालक, ग्रुप आणि इतर यांचे, त्यांत ४ म्हणजे वाचणं, २ लिहिणं, १ चालवणं. दशमान ७७७ म्हणजे अष्टमान १४११. मालकाला फक्त वाचायची मुभा, ग्रुपला आणि इतरांना फक्त चालवायची, वर पहिल्या १ चा स्टिकी बिट (एक जादा खूण) फुकट! सगळ्यांना सगळं द्यायला निघालात आणि मालकाचं लिहिणंच काढून घेतलंत. रूटच्या मालकीची वेबपेजची फाइल अशी झाली की एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ४०३, म्हणजे 'परवानगी नाही', देणारच. ६४४ ची तीच गत, ते होतं १२०४: मालकाला लिहिता येतं, वाचता येत नाही. फाइलींचे मोड लावणाऱ्या अ‍ॅन्सिबलच्या 'फाइल' मॉड्यूलच्या अधिकृत पानावर 'मोड'च्या खालीच हा इशारा छापलाय. '०६४४' असं अवतरणात लिहा, एवढंच करायचं असतं.

"माझ्याकडे तर चालतं" म्हणणारे खोटं बोलत नाहीत, एवढं मान्य. टर्मिनलवरच्या अ‍ॅड-हॉक (प्लेबुकाशिवाय दिलेल्या एकट्या) कमांडमध्ये मोड=७७७ अक्षरं म्हणून जातं आणि अष्टमानच धरलं जातं. प्लेबुकात नेलं की बिनसतं.

बरं, '०७७७' नीट लिहून खरंच सगळं उघडं टाकलंत तर? होम फोल्डरवर कुणालाही लिहिता येतंय म्हटल्यावर एसएसएच सर्व्हर (दुरून लॉगिन करू देणारा) तुमची लॉगिनची किल्ली नाकारतो. म्हणजे अ‍ॅन्सिबल ज्या वाटेनं आत जातं तीच बंद. प्रोजेक्टचं फोल्डर तसं केलंत, तर तिथली अ‍ॅन्सिबल डॉट सीएफजी ही सेटिंगची फाइल वाचलीच जात नाही. मग इन्व्हेंटरी, म्हणजे सर्व्हरांची यादी, कुठे गेली म्हणून शोधत बसा.

रिकर्सबरोबर '०६४४' दिलं की फोल्डरांवरचा एक्स (चालवायची, फोल्डरात शिरायची मुभा) जातो आणि आत शिरता येत नाही. मोड अक्षरांत लिहून त्यात कॅपिटल एक्स वापरा. तो फोल्डरांना आणि आधीपासून चालवता येणाऱ्या फाइलींनाच लागतो. बिकम सरसकट ठेवलं की नव्या फाइली रूटच्या नावावर होतात आणि पुढचं 'डिनाइड' तिथूनच उगवतं. बिकम लागेल त्या टास्कलाच द्या, फाइलीचा ओनर आणि ग्रुप लिहा.

आणि हिरवं? हिरवं म्हणजे तुम्ही मागितलं तसं आहे. चुकीचं मागितलंत तर चुकीचंच हिरवं दिसेल. आधी चेक (काही न बदलता नुसती चाचणी) आणि डिफ (काय बदलेल ते दाखवणं) लावून चालवा. कुठे अडतंय ते बघायला सर्व्हरवर 'नेमआय -एल' आणि पुढे फाइलचा पूर्ण पाथ द्या. मुळापासून प्रत्येक फोल्डरचा मालक आणि मोड एकाखाली एक दिसतो. पुष्कळदा फाइल ६४४ म्हणजे ठीकच असते, वरचं एखादं होम फोल्डर ७०० असतं. तिथेही सगळं बरोबर असेल आणि मशीन रेड हॅट घराण्यातलं असेल, तर 'एलएस -झेड' करून एसईलिनक्सचं, म्हणजे मोडखेरीजच्या वेगळ्या सुरक्षाव्यवस्थेचं, लेबल बघा. ते चुकलं असेल तर ७७७ नं काहीही होणार नाही, लेबल पूर्ववत करणारी रीस्टोअरकॉन कमांड चालवा.