दिवा तिचा, गाणं माझं

११ नोव्हेंबरला हॉलंडमधली पोरं संध्याकाळी कंदील घेऊन दारोदार गाणी म्हणत फिरतात आणि खाऊ उकळतात. सगळ्या देशात नाही हं. ग्रोनिंगन, फ्रीसलंड, नॉर्थ हॉलंड या बाजूला जास्त. आम्ही राहतो ॲमस्टेलवीनला, म्हणजे नेमके तावडीत. सणाचं नाव सिंट मार्टेन. हे संत मार्टिन आधी रोमन सैन्यात होते. फ्रान्समधल्या आमिआँ गावाच्या वेशीत काकडणारा भिकारी दिसला, तेव्हा त्यांनी तलवारीने आपला झगा कापून अर्धा त्याला दिला. ३९७ साली ११ नोव्हेंबरला त्यांचं दफन झालं, म्हणून ही तारीख. थोर माणूस, वादच नाही. पण सण जूनमध्ये आला असता तर काय बिघडलं असतं?

इथे नोव्हेंबरात पाचलाच काळोख पडतो आणि पाऊस आडवा मारतो. पूर्वी साखरबीट कोरून त्यात दिवा ठेवायचे. त्याला पावसाची काय भीती! आता शाळेत कागदाचे कंदील करतात, काडीच्या टोकाला सेलवरचा बारीक दिवा. लेकीचा कंदील म्हणजे कागदी साळिंदर, ते दुसऱ्याच दाराशी मऊ पडलं. मग छत्री साळिंदरावर आणि मी पावसात.

गाण्याशिवाय खाऊ नाही. भोंडल्यातही गायल्यावरच खिरापत, पण तिथे गायला घोळका असतो. इथे, आठवडाभर न्हाणीघर दणाणून सोडणारी आमची गायिका दार उघडताच माझ्या मागे लपली. समोर सपाता घातलेल्या आजीबाई, घरातली ऊब भराभरा बाहेर चाललेली, आणि त्या हसत वाट बघतायत. शेवटी मीच गायले. माझं डच बेकरीत पाव मागण्यापुरतं. पण घशातून खाकरायचे उच्चार जीव ओतून काढले. आजीबाईंना गहिवरून आलं असावं, कारण मलाही एक संत्रं मिळालं.

घरी येताच पिशवी सतरंजीवर पालथी झाली. शाळेत झग्याची गोष्ट सांगितलेली, त्यामुळे "आई, अर्धं तुझं!" चॉकलेटं आणि जेलीच्या गोळ्या तिच्या ढिगात. माझ्या ढिगात संत्री आणि ड्रॉप. ड्रॉप म्हणजे ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या. त्यातल्या खारट जातीत नवसागर असतो. हो, तोच, कल्हईवाला तापल्या पातेल्यात टाकायचा तो.

एक चघळून माझा चेहरा कसा झाला ते बघून ती म्हणाली, "बाबालाही दे ना अर्ध्या."