बोर्ड बरखास्त करण्याची रीतसर पद्धत

श्रीलंकेचं क्रीडाखातं तुमच्या वाट्याला आलंय. अभिनंदन! अर्थखातं हुकलं म्हणून खट्टू होऊ नका. तिथे दिवाळखोरीचा हिशेब द्यावा लागतो, इथे नुसता धावांचा.

क्रिकेट बोर्ड बरखास्त करण्याची तयारी खरं तर शाळेपासूनच हवी होती. कोलंबोचं रॉयल कॉलेज किंवा सेंट थॉमस, यांपैकी एक. 1879 पासून या दोन शाळांचा क्रिकेट सामना रंगतोय. डडली सेनानायके थॉमसकडून खेळले आणि पंतप्रधान झाले, जे. आर. जयवर्धने रॉयलकडून खेळले आणि राष्ट्राध्यक्ष झाले. 1885 साली रॉयलचा डाव 9 धावांत गुंडाळला गेला. दुसऱ्या दिवशी रॉयलवाले खेळायलाच उतरले नाहीत, आणि तो सामना अनिर्णित धरायचा की पराभव, यावर दोन्ही शाळांची तोंडं अजून दोन दिशांना आहेत. संसदेत बसण्यासाठी याहून चांगली शिकवणी कुठे मिळणार?

आता मतदारयादी समजून घ्या. साहेबांनी 1863 मध्ये गोऱ्यांपुरता कोलंबो क्रिकेट क्लब काढला. मग बर्गरांनी, म्हणजे युरोपीय-सिंहली मिश्र वंशाच्या लोकांनी, आपला काढला, 1899 मध्ये सिंहलींनी आणि तमिळांनी आपापला, पुढे मूर मुसलमानांनीही. मुंबईत मरीन ड्राइव्हवरच्या जिमखान्यांच्या पाट्या वाचलेल्याला यात नवल वाटायचं नाही. 1948 मध्ये साहेब गेला, क्लब राहिले, आणि बोर्डाच्या निवडणुकीत मत क्लबांना आहे. ऑस्ट्रेलियात सहा राज्यांचे संघ प्रथम श्रेणी क्रिकेट खेळतात. या चिमुकल्या बेटावर वीसहून अधिक क्लब खेळत आले. त्यामुळे दर्जा पातळ होतो, हे खरंच. पण क्लब कमी केले की मतं कमी होतात. म्हणून ही सुधारणा अहवालात लिहायची, अहवाल कपाटात ठेवायचा आणि किल्ली हरवायची.

तुमचं मुख्य अवजार म्हणजे 1973 चा क्रीडा कायदा, क्रमांक 25. राष्ट्रीय संघाच्या यादीवर मंत्र्याची मंजुरी लागते. ती यादी हाती येताच सही करण्याचा उतावीळपणा नको. डिसेंबर 2017 मध्ये भारतात एकदिवसीय सामने खेळायला निघालेले नऊ खेळाडू विमानतळावर पोचले होते. मंजुरी नाही म्हणून मंत्र्यांनी त्यांना तिथून परत बोलावलं. सही तीच, शाई तीच, पण परिणाम किती! खेळाडूंच्या सुटलेल्या पोटांवर मात्र जपून बोला. त्याच मंत्र्यांनी त्याच वर्षी तो विषय काढला, तेव्हा पोपटाच्या ढोलीतलं माकडाला काय कळणार, असं लसिथ मलिंगा म्हणाला. मलिंगाला दंड झाला, पण लोकांच्या लक्षात माकड राहिलं.

बरखास्तीसाठी योग्य पराभव निवडणं ही कला आहे. 17 सप्टेंबर 2023 ला आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात संघ कोलंबोत 50 धावांत आटोपला. तो पराभव वापरू नये. विश्वचषक तोंडावर होता. 2 नोव्हेंबरला वानखेडेवर 358 चा पाठलाग करताना 55 धावा झाल्या. हा अगदी पिकलेला पराभव. 6 तारखेला बोर्ड बरखास्त आणि सात जणांची अंतरिम समिती हजर. समितीत निवृत्त न्यायाधीश घालावेत, म्हणजे कायद्याचा वास येतो. अध्यक्षपदी 1996 चा विश्वविजेता कर्णधार अर्जुना रणतुंगा, म्हणजे टाळ्याही येतात. ते स्वतः पूर्वी मंत्री होते, हा तपशील टाळ्यांच्या आवाजात ऐकू येत नाही.

इथवर सगळं सुरळीत. पुढे बिघडतं ते असं: 7 तारखेला अपील न्यायालयाने जुनं बोर्ड तात्पुरतं परत बसवलं. 9 ला संसदेने एकमताने त्या बोर्डाला जायला सांगितलं. सत्ताधारी आणि विरोधक एकत्र आले! हा विक्रम कुठल्या फलंदाजाला जमला असता? 10 ला आयसीसीने सरकारी हस्तक्षेपाच्या कारणावरून श्रीलंकेचं सदस्यत्व निलंबित केलं. 19 वर्षांखालील विश्वचषक दक्षिण आफ्रिकेला गेला. 27 ला राष्ट्राध्यक्षांनी मंत्र्यालाच काढलं. म्हणजे बरखास्ती झाली, फक्त पत्ता चुकला. जानेवारी 2024 अखेर निलंबन उठलं तेव्हा बोर्ड जुनंच होतं.

यातून वाचायचं असेल तर गामिनी दिसानायकेंचा मार्ग धरा: मंत्रिमंडळातही स्वतः (खातं मात्र क्रीडेचं नव्हे) आणि बोर्डाच्या अध्यक्षपदीही स्वतःच. मग काढणार कोण? त्यांच्याच काळात, 1981 मध्ये, देशाला कसोटीचा दर्जा मिळाला, हे मात्र कबूल करायला हवं. त्यांचा हा भाग गिरवायला जड आहे. सोडून दिलात तरी चालेल.

सवड मिळाल्यास एक स्टेडियम बांधा. 2011 च्या विश्वचषकासाठी हंबनटोटा जिल्ह्यात, सूरियवेवाच्या जंगलालगत, 35,000 प्रेक्षकांचं स्टेडियम उभं राहिलं आणि त्याला तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांचं, महिंदा राजपक्षांचं, नाव दिलं. मालिका संपल्यावर आसपास हत्ती असतात, पण त्यांना तिकीट लागत नाही.

आणि अडचणीच्या काळात कसोटी गॉलला ठेवू नका. मैदानाला लागून डच किल्ल्याची तटबंदी आहे आणि तिच्यावरून सामना फुकट दिसतो. 9 जुलै 2022 ला ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळ चालू असताना त्याच तटावर आर्थिक संकटाने चिडलेल्या निदर्शकांची गर्दी होती. तिकडे कोलंबोत सनथ जयसूर्या लोकांबरोबर रस्त्यावर होता. गॉलचा खेळ चालूच राहिला. राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षांना तेवढं त्या दिवशी घर सोडावं लागलं.