कोल्हापुरातल्या शाहूपुरीच्या दादांनी दिलेल्या एका स्टारला उत्तर

नमस्कार दादा. तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला, सकाळी परत वाचला. तुम्ही लिहिलंय की २०२४ च्या जुलैमध्ये दारात आमचे बरगे, म्हणजे पुराचं पाणी अडवायच्या आडव्या फळ्या, लावून पण घरात घोट्याच्या वर पाणी आलं, फोन केला तर कुणी उचलला नाही, आणि शेवटी "जर्मनीचा माल बघून उद्यमनगरात केलेलं जुगाड, कंपनीला ना इतिहास ना भूगोल". झिरो देता येत नाही म्हणून एक स्टार दिलाय असं पण लिहिलंय.

आधी फोनचं बोलतो. चूक आमची. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांच्या, म्हणजे धोक्याच्या खुणेच्या, वर गेली की सगळ्या गिऱ्हाइकांचा फोन एकाच दिवशी येणार हे आम्हाला कळायला पाहिजे होतं, आणि नंबर एकच, तो पण माझा, आणि मी त्यावेळी सुतारवाड्यात गुडघाभर पाण्यात एका आजींच्या दारात नट आवळत होतो. आता पुतण्याचा नंबर पण कार्डावर टाकलाय.

आता पाण्याचं. पूर ओसरल्यावर मी तुमच्याकडं येऊन गेलो होतो, आठवतंय बघा. तुमच्या दाराबाहेर गाळ होता तो तांबूस, नदीचा. आत हॉलमध्ये होता तो काळा, आणि वास कसला होता ते तुम्हाला सांगायला नको. नहाणीची जाळी उचलून कोपऱ्यात पडलेली. म्हणजे पाणी दारातनं नाही आलं दादा, नहाणीतनं आलं. तुमचं चेंबर गटारीला, गटार जयंती नाल्याला, नाला पंचगंगेला. नदी चढली की नाल्याला फुग येते आणि सगळं उलटं चालू होतं, मग दारात बरगे लावा नाहीतर चीनची भिंत बांधा, पाणी आपली लेव्हल गाठणारच. त्याला चेंबरमध्ये उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व लागतो. आमच्या फिटिंगच्या कागदावर "नहाणी, संडास, बेसिन बघितलं का" असा रकाना आहे. तुमचा कागद काढून बघितला, रकाना कोरा आहे. आमच्या फिटिंगच्या पोरानं घाईत सोडला आणि मी न बघता सही केली. त्यामुळं "दार आमचं, नहाणी तुमची" असं मी म्हणणार नाही.

आणि तुमच्या व्हिडिओत तिसऱ्या बरग्याखालनं एक बारीक धार दिसते, ती मात्र आमच्याच रबराची. थोडं झिरपणं सगळीकडंच असतं, पोछा आणि प्लास्टिकचा मग घेऊन बसावं लागतं, पण धार लागायला नको होती.

हे झालं. आता जर्मनी आणि इतिहास, कारण ते जरा लागलं मनाला.

माझं घर शुक्रवार पेठेत. २००५ ला पाणी पायरीला लागून गेलं तेव्हा वाटलं आपण सुटलो, आयुष्यात एकदाच येतं असलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेलं आणि माझ्या घरात छातीला लागलं. फ्रीज आडवा तरंगत होता. त्याआधी आम्ही दोघा भावांनी दारात प्लायवूड लावून सिमेंटच्या पोत्यात वाळू भरून थप्पी मारली होती, फटीत एम-सील. अर्धा तास तग धरला असेल. वाळूच्या पोत्याचं असं असतं की ते पाणी अडवत नाही, नुसतं दमवतं, आणि नंतर ती भिजलेली पोती उचलून टाकताना आपण दमतो ते वेगळंच.

पाहुण्याकडं राहत होतो तेव्हा मामांनी सहज विचारलं, अरे तू एवढं लेथवर काम करतोस, बंधाऱ्याचे बरगे बघितलं नाहीस का कधी? तिथं डोक्यात ट्यूब पेटली. लहानपणी मामाच्या गावाला गेलो की नदीवरचा बंधारा बघायला जायचो. आपला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, दगडी खांब आणि खांबाला दोन्ही बाजूनं उभ्या खाचा. पाऊस संपला की खाचेत बरगे टाकायचे, दोन रांगा, मध्ये माती ठासायची, उन्हाळाभर पाणी अडवायचं, आणि पावसाळ्याच्या आधी सगळे बरगे काढून ठेवायचे म्हणजे पुराला वाट मोकळी. पूर्वी लाकडी असायचे, मग लोखंडी केले तर चोरीला जायला लागले, ते एक सोडा. तर मी काय केलं, तेच उलटं केलं. दाराच्या चौकटीला खाच, पावसाळ्यात बरगे आत, बाकी वर्षभर माळ्यावर.

पहिला बरगा लोखंडी पत्र्याचा केला. पाणी थांबलं, पण आईला काय तो उचलेना, आणि पूर येतो तेव्हा घरात म्हातारी माणसंच असतात की. मग ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप, एक बरगा साडेचार किलोच्या आत, चार बरग्यांत अडीच फूट. रबर पहिल्यांदा भंगार बाजारातनं गाडीच्या दाराचं आणलं होतं, ते एका उन्हाळ्यात कडक झालं, आता ईपीडीएमचं, म्हणजे उन्हापावसात टिकणारं रबर, वापरतो. वर्कशॉपच्या मागं एक खोटी चौकट बांधून मागं हौद केला, आणि गळती दिसेना म्हणून पाण्यात गुलाल कालवला, जोतिबाहून आणलेला शिल्लक होता तो. जिथं गळेल तिथं गुलाबी रेघ. ती चौकट अजून गुलाबी आहे, या कधी बघायला.

मग २०२१ चा जुलै आला, पाणी ५६ च्या आसपास गेलं. आमचे पहिले चार सेट तेव्हा चार घरी लागलेले. खरं सांगतो, दोन घरं कोरडी राहिली ती उंचावर होती म्हणून पण राहिली. तिसऱ्या घरात पाणी बरग्याच्या वरनंच गेलं. चौथ्याची मातीत बांधलेली जुनी भिंत चौकटीशेजारी तडकली, आणि त्या रात्री मला झोप नाही. कारण भिंत आत पडली असती तर? साडेतीन फुटी दारावर अडीच फूट पाणी म्हणजे तीनशे किलोच्या वर रेटा. उंची दुप्पट करून पाच फूट केली तर रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो, बाराशे किलोच्या पुढं. दार टिकेल हो, भिंत टिकायची नाही. म्हणून आम्ही अडीच फुटाच्या वर बनवत नाही, कितीही पैसे द्या. त्याच्यावर पाणी येणार असेल तर बरगे काढा, पाणी आत येऊ द्या आणि तुम्ही बाहेर पडा. मातीतली भिंत असेल तर ऑर्डरच घेत नाही, यावरनं पण आम्हाला दोन वाईट रिव्ह्यू आलेत.

जर्मनीचं मला कळलं ते यानंतर, एका गिऱ्हाइकाच्या इंजिनीयर पोरानं व्हिडिओ दाखवला तेव्हा. कोलोन शहरात ऱ्हाइन नदी १९९३ आणि १९९५, दोन्ही वेळा साडेदहा मीटरच्या वर गेली, मग त्यांनी काठानं ॲल्युमिनियमच्या काढता-घालता येणाऱ्या भिंती केल्या, ११.३ मीटर पातळी धरून. ऑस्ट्रियात ग्राइन म्हणून गाव आहे, २०१३ ला डॅन्यूबचं पाणी तसल्याच भिंतीच्या काठोकाठ आलं आणि गाव वाचलं. बघून मी हसलोच, खांब, खाच आणि बरगे! फरक एवढाच की त्यांच्याकडं भिंतीखाली काँक्रीटचा पाया आधीच घातलेला असतो आणि महापालिका लावते. आपल्याकडं ज्याचं त्यानं.

कॉपी म्हणायचीच असेल तर एकदा केली आहे, तीही फसली. स्वीडनमध्ये एल आकाराच्या प्लास्टिकच्या पेट्या करतात, पाणी आडव्या भागावर चढतं आणि स्वतःच्याच वजनानं पेटी दाबून धरतं, ना बोल्ट ना खाच. डोकं लावलंय खरं. आम्ही तसली करून गल्लीत पेव्हर ब्लॉकवर ठेवली तर फटीफटीतनं खालनं पाणी. त्याला सपाट रस्ता लागतो दादा, आणि कोल्हापुरात तो कुठं मिळेल ते तुम्हीच सांगा.

स्टार बदला म्हणत नाही, राहू दे. शनिवारी सकाळी मी स्वतः येतो, चेंबरचा व्हॉल्व आमच्या खर्चानं, नहाणीला गच्च बसणारं बूच आणि तिसऱ्या बरग्याचं नवीन रबर घेऊन. तरी नको वाटलं तर सेट काढून नेतो, फिटिंगसकट पैसे परत. फक्त संडासाच्या मागच्या चेंबरवर तुम्ही कुंड्या ठेवल्यात तेवढ्या शुक्रवारी हलवून ठेवा, मागच्या वेळी त्यांच्यामुळंच झाकण उघडता आलं नव्हतं.